पिल्लाची शाळा आणि आपला गृहपाठ

कुत्र्याच्या पिल्लाला घरात शू-शी न करायला शिकवणं म्हणजे काय, यावर आमच्या नातेवाइकांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो दणका. दुसरा म्हणतो लाड. मी तिसऱ्या तटाची एकटी सभासद: पिल्लाला फारसं काही शिकवावं लागतच नाही, शिकायचं असतं ते घरातल्या माणसांना. आणि माणसं शिकायला तयार नसतात म्हणून पिल्लू रस्त्यावर जातं.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहीत नाहीये. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांचा माजाचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटाकडे असतो, त्यामुळे पिल्लं होतात थंडीत. दिवाळीनंतर बुलडाण्याच्या आसपास कुठल्याही वावरात जा, गोठ्याच्या मागे, कडब्याच्या गंजीखाली, रचलेल्या पऱ्हाट्यांच्या आत पाच-सहा डोळे मिचकावत बसलेले असतात. पोरं हट्ट करतात, एक उचलून घरी आणतात. दोन आठवडे घरभर कौतुक. मग फरशीवर तळी साचायला लागतात, सोफ्याच्या मागे वास यायला लागतो, आणि होळीच्या सुमाराला तेच पिल्लू बाजारात नाहीतर एखाद्या ढाब्यामागे सोडलेलं असतं. मादी असेल तर आणखी लवकर. आमच्या एका गल्लीत मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणाच्या अंगणात नवीन पिल्लू दिसलं की मला आनंदाऐवजी धाकधूकच होते. कारण काय सांगतात? "घाण करत होतं." बस. दोन महिन्यांच्या जिवाला हद्दपार करायला एवढा गुन्हा पुरतो.

तर मंडळी, या "घाणी"बद्दल जरा बोलू. जेवताना वाचत असाल तर नंतर वाचा!

आधी एक गोष्ट जी फारशी कुणी लक्षात घेत नाही. कुत्रा हा मुळातच स्वच्छ प्राणी आहे. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःहून शू-शी करताच येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते, आणि आईच ते सगळं चाटून साफ करते. म्हणून पिल्लांची जागा पाहा, कोरडी असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय फुटले की पिल्लं स्वतःच डुगडुगत झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसायला लागतात. म्हणजे "झोपतो तिथे घाण करायची नाही" हा पहिला धडा आईकडून झालेला असतो. आपल्याला फक्त "झोपायची जागा" याची व्याख्या वाढवत वाढवत अख्ख्या घरापर्यंत न्यायची असते. सात-आठ आठवड्यांच्या सुमाराला पायाखाली काय लागतं याची आवडही पक्की होत जाते. मातीवर बसायची सवय लागलेलं पिल्लू माती शोधतं, सिमेंटवरचं सिमेंट शोधतं.

यातून माझं एक ठाम मत झालंय, कुणाला आवडो न आवडो. वावरातलं गावठी पिल्लू आणाल तर अर्धी शाळा झालेली असते. उलट शहरातून हजारो रुपये मोजून जे "विदेशी" पिल्लू येतं ते पुष्कळदा पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत वाढलेलं असतं. आईने दिलेला तो पहिला धडा त्या पिंजऱ्याने पुसून टाकलेला असतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात त्या केसाळ जिवाचे हाल वेगळेच. पण भाचेकंपनीला सांगून कोण ऐकतंय? असो.

आमच्या घरी आली ती भुरी. चिखली रस्त्यावरच्या एका मळ्यातून, दोन महिन्यांची, एक कान उभा आणि एक पडलेला. मादी म्हणून तिला कुणी उचलत नव्हतं, म्हणून आम्ही उचलली.

पहिल्या दिवसापासून मी एकच काम केलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीने वेळा लिहायला लागले. दुधाच्या हिशोबाशेजारी भुरीचा हिशोब! शू किती वाजता, शी किती वाजता, त्याआधी काय झालं होतं. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. झोपेतून उठली की लगेच. खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत. खेळ रंगात आला की मध्येच. आणि या तीन वेळा सोडून साधारण दोन-अडीच तासांनी. ढोबळ हिशोब असा असतो की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास ते कसंबसं धरू शकतं, फार तर त्यात एक मिळवा. दोन महिन्यांच्या पिल्लाने रात्रभर धरावं ही अपेक्षा म्हणजे बालवाडीच्या पोराला दहावीचा पेपर देण्यासारखं आहे.

एकदा वेळा कळल्या की मग उरतं काय? त्या वेळेच्या दोन मिनिटं आधी तिला उचलून अंगणात, पेरूच्या झाडाखालच्या मातीवर नेऊन ठेवणं. दर वेळी तीच जागा. झालं की लगेच, तिथल्या तिथे, भाकरीचा एक तुकडा आणि कौतुक. घरात येऊन डब्यातून काढून दिलेला तुकडा उपयोगाचा नाही, कारण तोवर तिच्या लेखी तो तुकडा "घरात आल्याबद्दल" असतो. रात्री एकदा नवरा आणि पहाटे एकदा मी. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर, हातात बॅटरी... लेकीने नुसतं नाव ठेवायचं काम केलं होतं, तेवढंच तिने मन लावून केलं.

आणि आता आमच्या घरातली खरी मास्तरीण. सासूबाईंचा कुत्र्याला घरात घ्यायला सक्त विरोध. देवघर आहे, सोवळं आहे, कुत्रं अंगणातच बरं, हे त्यांचं म्हणणं. त्यांना मी एवढंच म्हटलं, "आई, तुमच्या देवघरात दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, ती आत कशी?" त्या म्हणाल्या, "ते वेद आहेत, हे काय वेद आहे?" यावर मला उत्तर नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी पाहते तर अंगणात भुरीसमोर उकिडवं बसून सासूबाई "शूऽऽऽ शूऽऽऽ" करत होत्या! तान्ह्या पोराला पायांवर धरून आपल्याकडच्या बायका करतात ना, अगदी तसंच. आणि भुरी करतही होती. डायपर नावाची वस्तू घरात येण्याआधी या बायकांनी चार-चार पोरं वाढवली. पोराचा चेहरा बघून, त्याची चुळबुळ बघून ओळखायचं, उचलायचं, आवाज करायचा. आवाज आणि क्रिया यांची गाठ घालायची. पावलॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या संशोधनाला. कुत्र्याला खुणेवरून लाळ सुटते हे त्याने त्याच कामातून दाखवलं. आमच्या सासूबाईंना त्याचं नाव माहीत नाही, पण त्याच्या पुढचं टोक त्यांना पाठ आहे. भुरी गोल गोल फिरून जमीन हुंगायला लागली की त्या माळ जपता जपता ओरडतात, "घेऊन जा गं तिला, तिला लागली!" देवघराचा उंबरा मात्र आजही तिला वर्ज्य आहे, आणि गंमत म्हणजे तो ती पाळतेही.

आता दणक्याच्या तटाबद्दल.

शेजारच्या काकू पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाल्या, "काहून वं बाई, कुत्र्याले काय शाळेत टाकून रायली का? नाक घास त्याच्यात अन् दोन दणके दे, आपोआप समजते त्याले." ही पद्धत आपल्याकडे इतकी सर्वमान्य आहे की तिला विरोध केला तर लोक आपल्यालाच वेडं समजतात. पण विचार करा. कुत्र्याच्या डोक्यात कृती आणि तिचं फळ यांची सांगड बसायला दोघांत एक-दोन सेकंदांचंच अंतर चालतं. तुम्ही अर्ध्या तासाने येऊन त्याचं नाक घासलंत तर त्याला कळतं ते एवढंच की फरशीवर डबकं असताना माणूस आला की मार बसतो. मग ते हुशारीने काय करतं? माणसासमोर करणं बंद करतं. कपाटामागे, पलंगाखाली, गव्हाच्या कोठीमागे जाऊन करतं. आणि पुढे तुम्ही त्याला अंगणात घेऊन उभे राहिलात तरी तुमच्यासमोर ते करत नाही, घरात आलं की पळत जाऊन कोपऱ्यात करतं. मग म्हणायचं, "बघा, मुद्दाम करते!"

"पण त्याला कळतं हो, चेहरा कसा पाडून बसतो!" हे तर प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. या पडलेल्या चेहऱ्यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी एक सुंदर प्रयोग केला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं: कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला म्हणून. निष्पन्न असं झालं की तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरतच नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो. उलट काहीही न करता बोलणी खाल्लेली कुत्री जास्त अपराधी दिसली! म्हणजे ज्याला आपण कबुलीजबाब समजतो तो नुसता "मारू नका" असा अर्ज असतो. मला हे वाचल्यावर कुत्र्यांपेक्षा शाळेतली काही पोरं आठवली, पण तो विषय वेगळा.

अजून एक प्रकार असतो. पाहुणे आले, वाकून डोक्यावरून हात फिरवायला गेले की पिल्लू आडवं होऊन जागच्या जागी थोडीशी शू करतं. ही घाण नव्हे, हा नमस्कार आहे. लहान पिल्लू मोठ्यापुढे नमतं तेव्हा असं होतं. यावर रागावलात तर ते आणखी नमणार, म्हणजे आणखी शू. वाकू नका, बाजूला खाली बसा, त्याला आपण होऊन येऊ द्या. मोठं होताना हे बहुतेक वेळा आपोआप जातं.

मार न देता काम होत नाही असं वाटत असेल तर आधी पोट बघा. आपल्याकडे पिल्लू आणलं की पहिलं काय करतात? वाटीभर गाईचं दूध. दूध-पोळी, दूध-भाकर, वर पुन्हा दूध. आईपासून तुटलेल्या पिल्लाला गाई-म्हशीचं दूध पुष्कळदा पचत नाही, जुलाब लागतात. आणि गावठी पिल्लांच्या पोटात जंत तर बहुधा असतातच, आईकडूनच आलेले. ज्याला जुलाब लागलेत त्याने वेळापत्रक पाळावं कसं? म्हणून आणल्यावर पहिला मुक्काम पशुवैद्यकीय दवाखाना. आपल्याकडे त्याला ढोरायचा दवाखाना म्हणतात आणि कुत्रं घेऊन गेलं की बैलवाले गंमतीने बघतात. बघू द्या. जंताचं औषध घ्या. ते जंत माणसांच्या पोरांनाही मातीतून होऊ शकतात, तेव्हा हे केवळ कुत्र्याचं कौतुक नाही.

लसीचा पेच मात्र खरा आहे. पार्व्होचा आजार पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो: उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि पिल्लू गळून जातं. त्याचे विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतात. लसीचे डोस दीड-दोन महिन्यांपासून सुरू होऊन चार महिन्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांला. म्हणजे ज्या दिवसांत बाहेर जायची सवय लावायची त्याच दिवसांत रस्त्यावर न्यायचं नाही! यावर ज्यांना अंगण आहे ते नशीबवान. चार फूट माती पुरते, जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत अशी. बुलडाण्यासारख्या गावात राहण्याचे जे थोडे फायदे उरलेत त्यातला हा एक. (बाकीचे फायदे विचारू नका. उन्हाळ्यातला गार वारा सोडून मला चटकन आठवत नाहीत.)

"आम्ही पेपर पसरतो" म्हणणाऱ्यांसाठी: पसरा, पण समजून पसरा. पिल्लू "पेपरवर करायचं" हे शिकतं, "फक्त कालच्या पेपरवर" हे नाही. एका ओळखीच्या घरी आजोबांचा ताजा पेपर दारातून आत पडला रे पडला की पिल्लू त्यावर हजर. आजोबा संतापले खरे, पण अग्रलेखाबद्दलचं पिल्लाचं मत त्यांना अगदीच अमान्य होतं असं वाटलं नाही.

मग येतं फिनेल. फरशीवर डबकं दिसलं की बायकांचा हात आपोआप काळ्या बाटलीकडे जातो. माझं म्हणणं, पिल्लू असेपर्यंत ती बाटली कपाटात ठेवा. पिल्लू त्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनॉलचे पदार्थ त्याच्या पोटात जाणं चांगलं नाही. शिवाय फिनेलने आपल्या नाकाला वास कळेनासा होतो, कुत्र्याच्या नाकाला कळतोच. ते त्याच जागी परत येतं. आधी कापडाने टिपून घ्यायचं, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसायचं. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर मिळते तीही चालते, नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायची. येळगाव धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या आणि नळाची वाट बघणाऱ्या आम्हा लोकांना बादलीभर पाणी ओतून फरशी धुणं तसंही परवडत नाही. एप्रिल-मे महिन्यात तर पाण्याचा तांब्या न् तांब्या मोजावा लागतो. वेळेवर अंगणात नेणं हा पाणी वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय आहे, हे मी नवऱ्याला पटवलं तेव्हा कुठे तो रात्री उठायला लागला.

"एवढा व्याप कशाला, बाहेरच बांधून ठेवा ना!" हे घाटाखालच्या आमच्या मामांचं मत. मामा, तुमच्या मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात मे महिन्यात पत्र्याखाली साखळीला बांधलेलं कुत्रं काय सोसतं ते दुपारी एकदा चप्पल काढून अंगणात उभं राहून बघा. आणि घाटावर, बोथा घाटाच्या जंगलाला लागून ज्यांची गावं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. ज्ञानगंगा अभयारण्य तिथेच आहे, आणि साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. नगरकडच्या अकोले भागात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला (तो २०१६ साली प्रसिद्ध झाला), त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. कुत्र्याच्या मागे बिबट्या अंगणात येतो, आणि अंगणात आपली पोरं खेळतात. रात्री कुत्रं आत घ्यायचं असेल तर त्याला आत राहण्याजोगं करावं लागतं. म्हणजे पुन्हा फिरून शू-शीवरच आलो.

बांधून ठेवण्यातली दुसरी खोट अशी की झोपतो तिथेच करायची सक्ती त्याच्यावर होते. आईने दिलेला धडा आपणच साखळीने पुसायचा.

घर स्वच्छ झालं म्हणजे सगळं झालं असंही नाही. सकाळी कुत्र्याला साखळी लावून निघालेले कितीतरी सुशिक्षित लोक मी बघते. स्वतःच्या फाटकापासून बरोब्बर तीन घरं पुढे जाऊन थांबतात, कुत्रं बसलं की आभाळाकडे बघतात आणि झालं की निघतात. आपली फरशी वाचवली आणि दुसऱ्याचं फाटक घाण केलं, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. एक जुना पेपर आणि पिशवी खिशात ठेवायला कितीसा त्रास होतो? कुत्र्यांविषयी लोकांच्या मनात जो राग साठतो त्यात मोकाट कुत्र्यांएवढाच या फिरत्या मालकांचाही वाटा आहे.

हा राग आता कुठवर गेलाय ते आपण २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. अकरा तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला, बावीस तारखेला तो बदलून नसबंदी आणि लस करून कुत्री त्याच भागात परत सोडायला सांगितलं, रेबीज झालेली आणि अंगावर धावणारी सोडून. टीव्हीवर दोन्ही बाजूंनी नुसती आरडाओरड. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींच्या वर मोकाट कुत्री मोजली गेली. त्यातली किती एकेकाळी कुणाच्या तरी घरातलं दोन आठवड्यांचं कौतुक होती, हे कुणी मोजलेलं नाही. मला स्वतःला वाटतं की न्यायालयात भांडण्याआधी आपण आपल्या गल्लीत दोन गोष्टी करू शकतो. आणलेलं पिल्लू "घाण करतं" म्हणून सोडायचं नाही, आणि मादी असेल तर तिची नसबंदी करायची. भुरीची आम्ही केली. "पाप लागते" म्हणून काकूंनी दोन दिवस अबोला धरला. वर्षाला दोनदा पाच-पाच पिल्लं गोणपाटात भरून नदीकाठी सोडण्यात जे लागतं त्याला काय म्हणतात, हे मी विचारलं नाही.

भुरी किती दिवसांत शिकली हे तिघांनी फोन करून विचारलंय. दिवसाची शिस्त तीन आठवड्यांत लागली. रात्रीची लागायला चौथा महिना उजाडला, कारण त्याआधी तिला तेवढं धरताच येत नव्हतं. मध्ये पाचव्या महिन्यात आठवडाभर पुन्हा घरात झालं, तेव्हा दवाखान्यात दाखवलं तर लघवीला संसर्ग झालेला होता, औषधाने बरं झालं. शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

आणि पुण्याच्या भाच्या, तुझ्यासाठी शेवटचं. अकराव्या मजल्यावर अंगण नाही हे मला माहीत आहे. प्लॅस्टिकचा मोठा ट्रे घे, भाजीवाल्याच्या क्रेटएवढा उथळ, त्यात नर्सरीतून आणलेली माती आणि वर हिरवळीचा तुकडा घाल आणि बाल्कनीच्या एका कोपऱ्यात ठेव. जेवणाच्या ताटापासून लांब. माती दर आठवड्याला बदल. लिफ्टने खाली नेईपर्यंत दोन महिन्यांचं पिल्लू थांबत नाही, सातव्या मजल्यावरच होतं. लसी पूर्ण झाल्या की मग रोज त्याच ट्रेमधली मूठभर माती खालच्या बागेतल्या एका कोपऱ्यात टाकून तिथे न्यायला लाग. वासावरून त्याला कळेल. रात्री दोनचा गजर लावायला विसरू नकोस, आणि तो बायकोच्या फोनवर लावू नकोस!